शेजारच्या आजोबांची १९६७ ची जीटीओ घ्यावी का? रिस्टोर करायला किती जातील आणि पुढे भाव राहील का?

नोव्हीकर

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, सांभाळून घ्या.

आम्ही मिशिगनमध्ये नोव्हीला अकरा वर्षं राहतोय. मी गाड्यांच्याच धंद्यात आहे पण माझं काम ब्रेकच्या सॉफ्टवेअरचं, पाना हातात धरायची वेळ क्वचित येते. आमच्यापासून दोन घरं सोडून एक आजोबा राहतात, वय ७९, पॉन्टिॲक गावातल्या कारखान्यात लाइनवर आयुष्य गेलं त्यांचं. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६७ ची पॉन्टिॲक (जनरल मोटर्सचीच एक कंपनी) जीटीओ आहे, दोन दारांची हार्डटॉप म्हणजे पत्र्याचं छत पण खिडक्यांच्या मध्ये खांब नाही, ४०० क्यूबिक इंचाचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. आजी गेल्यापासून म्हणजे गेली बारा वर्षं गाडी सुरूच केलेली नाही. गणपतीत त्यांना मोदक द्यायला गेलो तेव्हा गॅरेज उघडंच होतं, मी गाडीकडे बघत उभा राहिलो आणि ते म्हणाले तुला हवीय का, २०,००० डॉलरला देतो, जाहिरात देऊन अनोळखी माणसांना घरी बोलवायचं नाहीये मला.

तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये. माझे बाबा कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होते, पद्मिनीच्या लाइनवर, लहानपणी त्यांच्या डब्याच्या पिशवीला सुद्धा ग्रीसचा वास यायचा. आजोबांच्या गॅरेजमध्ये तोच वास आला आणि मी तिथेच अर्धा विकला गेलो.

गाडीची अवस्था सांगतो. रंग लाल, पण मागच्या चाकांच्या वर फुगे आलेत. वर काळं व्हिनाइलचं छत. डिकीतल्या चटईला ओलसर वास. पुढची सीट फाटलेली, मीटरवर ७८,००० मैल. आजोबा सांगतात इंजिन मूळचंच आहे, पण तसं तर सगळेच सांगतात ना.

बायकोचा प्रश्न सरळ आहे, ही हौस आहे की गुंतवणूक ते आधी ठरव, कारण मुलगी आठवीत आहे आणि चार वर्षांनी कॉलेज. ज्यांनी खरंच पैसे घालून अशी गाडी उभी केलीय त्यांनी खरे आकडे सांगा प्लीज. पूर्ण रिस्टोर करायला किती गेले? आणि पंधरा वर्षांनी ह्या गाड्या घेणारं कोणी असेल का, की सगळे इलेक्ट्रिक चालवत असतील आणि माझ्या गॅरेजमध्ये पांढरा हत्ती?

ओहायोवाला

नोव्हीकर, आकडे मागितलेत ना, मग घ्या. मी २०१४ ला शेव्रोलेची १९७० ची शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) ३९६ घेतली १६,००० ला. (गाडीवर ३९६ लिहिलेलं असतं पण १९७० ला ते इंजिन खरं ४०२ क्यूबिक इंचाचं होतं, हे मला घेतल्यावर कळलं.) चालती गाडी होती, दिसायला तुमच्यापेक्षा बरी. मनात होतं की अजून २५ हजार घालू आणि झकास करू.

पत्राकाम आणि रंग ३१,०००. हो, नुसतं तेवढंच. इंजिन उतरवून मशीन शॉपला देऊन परत बांधायला साडेआठ हजार. क्रोमचे बंपर आणि बाकी चकचकीत पट्ट्या ५,२००. आतलं सगळं, सीटा, छताचं कापड, कार्पेट, डॅशबोर्ड, ४,८००. गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन मिळून ६,७००. काचा, दारांची रबरं, पूर्ण वायरिंग, टायर असं किरकोळ किरकोळ म्हणत ६,३००. बेरीज करा, साडेबासष्ट. गाडीचे सोळा धरले तर ७८,५००. आज मला मिळालेली सगळ्यात चांगली ऑफर ५२,००० ची आहे.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

आता हे का होतं ते समजून घ्या, कारण मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पार्ट महाग नाहीत हो. शेव्हेलचं, कॅमॅरोचं, मस्टँगचं सगळं नवीन बनतं, १९६९ च्या कॅमॅरोची तर अख्खी बॉडी नवीन बनवून मिळते. जीटीओचंही बरंच मिळतं, एम्स परफॉर्मन्स, ओरिजिनल पार्ट्स ग्रुप, इयर वन ह्यांचे कॅटलॉग मागवा, चाळताना रात्र जाते. पैसा जातो तो माणसाच्या तासांत. बॉडी फ्रेमवरून उचलून, स्टँडवर फिरवून, नटबोल्टपर्यंत करायची म्हटली की हजार तास सहज लागतात. चांगल्या शॉपचा तासाचा रेट १०० धरा, झाले एक लाख डॉलर, अजून एक पार्ट पण विकत घेतलेला नाही. माझं कमी झालं कारण सुटं करणं, घासणं, आतलं बसवणं हे मी आणि माझ्या मेव्हण्याने चार हिवाळे गॅरेजमध्ये बसून केलं. ते तास मी धरलेलेच नाहीत.

आणि रंगाच्या शॉपने गाडी २६ महिने ठेवली. सहा म्हणाले होते. मी ॲडव्हान्समध्ये अर्धे पैसे दिले होते, ती चूक कोणी करू नका. जेवढं काम झालं तेवढेच पैसे, दर महिन्याला जाऊन फोटो काढायचे, आणि सुट्या केलेल्या भागांच्या पिशव्यांवर स्वतः लेबल लावून त्या स्वतःच्या घरी ठेवायच्या. माझा एका बाजूचा दाराचा ट्रिम आणि घड्याळ तिकडून कधी परत आलंच नाही.

एवढं असूनही गाडी विकणार नाही. गुंतवणूक म्हणून विचाराल तर मात्र घेऊ नका, कोणीतरी आधीच पैसे घालून केलेली गाडी घ्या. दुसऱ्याच्या साठ हजारांचं काम तुम्हाला तीसला मिळतं.

रंगवाली

मी ऑबर्न हिल्सला असते, कोटिंग आणि गंज हेच माझं रोजचं काम आहे त्यामुळे बाकी सोडून फक्त पत्र्याबद्दल लिहिते.

नोव्हीकर, तुम्ही "फुगे" असं एका शब्दात लिहून पुढे गेलात पण घोडं तिथेच पेंड खातंय. ही गाडी आयुष्यभर मिशिगनमध्ये असेल तर तिने कित्येक हिवाळे रस्त्यावरचं मीठ खाल्लंय. वर फुगा दिसतो तेव्हा पत्रा आतून आधीच गेलेला असतो, कारण गंज आतून बाहेर येतो. एका रुपयाएवढा फुगा असेल तर आत तळहाताएवढं भोक धरून चाला.

व्हिनाइलचं छत ही मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारी गोष्ट आहे. ते कापड आणि पत्रा ह्यांच्यामध्ये पाणी अडकतं, वर्षानुवर्षं वाळत नाही, आणि मागच्या काचेच्या खालच्या कडेला जाऊन बसतं. तिथून ते डिकीत उतरतं. तुमच्या डिकीच्या चटईचा वास कुठून येतोय ते आता सांगायला नको. मागच्या काचेखालचा पत्रा बदलायचा म्हणजे काच काढा, छत सोलून काढा, कापा, वेल्ड करा, शिशाचे जोड परत करा. हो, कारखान्यात छत आणि मागचा पत्रा जोडताना त्या सांध्यात शिसं भरलेलं असायचं, पुट्टी नाही. ते नीट करणारे हात आता कमी राहिलेत.

घ्यायच्या आधी हे करा. पातळ फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक घेऊन चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, मागच्या काचेखालचा भाग सगळीकडे फिरवा. जिथे पकडत नाही तिथे पुट्टी आहे. डिकीची चटई उचला, स्पेअर टायर काढा. पुढच्या काचेखाली जाळी असते तिच्यात एक तांब्या पाणी ओता आणि आत ड्रायव्हरच्या पायाशी ओलं होतंय का बघा. मग गाडी लिफ्टवर घ्या. जीटीओला वेगळी फ्रेम असते, मस्टँगसारखं सगळं एकसंध नसतं, हे तुमच्या फायद्याचं आहे कारण फरशी गेली तरी गाडीचा सांगाडा शाबूत असू शकतो. पण मागच्या चाकांच्या आसपास फ्रेम हातोडीने हलकेच ठोकून बघा, आवाज भद्द आला तर तिथेच थांबा आणि किमतीचं परत बोला.

आणि अजून एक, लाल रंग मूळचा आहे का ते दाराच्या आतल्या बाजूला, डॅशबोर्डखाली, डिकीच्या झाकणाच्या बिजागरीपाशी बघा. रंगवणारे तिथपर्यंत सहसा पोचत नाहीत.

ओहायोवाला दादा, ३१ हजार ऐकून वाईट वाटलं पण काम चांगलं झालं असेल तर तो दर अवाजवी नाही. हाताने ब्लॉक घासणं, सरळ करणं, परत प्रायमर, परत घासणं, ह्याला दुसरा मार्गच नाही.

वाळवंटातून

फिनिक्सला सोळा वर्षं आहे, दर जानेवारीत स्कॉट्सडेलचे लिलाव बघायला जातो, घेतलंय मात्र एकदाच. भावाबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट, टीव्हीवर दिसणारे आकडे डोक्यातून काढा. प्लिमथची १९७१ ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल (उघड्या छताची) २०१४ ला सिॲटलमध्ये ३५ लाख डॉलरला गेली, पण तसल्या बनल्या होत्या फक्त ११. जीटीओमध्ये सुद्धा १९७० ची 'जज' नावाच्या खास प्रकारातली कन्व्हर्टिबल १६८ च बनली म्हणून तिचा भाव वेगळ्याच आकाशात आहे. तुमच्या १९६७ च्या जीटीओ बनल्या ८१,७२२. गाडी सुंदर आहे, माझ्या मते सगळ्या जीटीओंमध्ये ६६-६७ चीच अंगयष्टी सगळ्यात देखणी, पण दुर्मिळ म्हणता येणार नाही. चांगल्या, चालवण्याजोग्या हार्डटॉप मी चाळीस ते पंचावन्न हजारांच्या दरम्यान हात बदलताना बघतोय. एकदम कडक केलेली असेल तर अजून वर. म्हणजे तुम्ही २० ला घेऊन ७० घातले तर पहिल्याच दिवशी तोटा, पंधरा वर्षं थांबायला नको.

दुसरं, हा बाजार सरळ वर जाणारा नाही. २००६-०७ ला लोक वेडे झाले होते, घरं गहाण टाकून गाड्या घेतल्या, २००८ नंतर भाव असे कोसळले की काहींना अजून ते दर परत दिसलेले नाहीत. मग २०२१-२२ ला पुन्हा चढला आणि नंतर थंडावला. माझी एक गाडी मी त्याच चढत्या काळात घेतली त्यामुळे हे अंगावर झेललेलं आहे.

आता पंधरा वर्षांनी काय. ह्या गाड्यांचे भाव कोणी चढवले, तर जे लोक १९६४ ते १९७० ला शाळा-कॉलेजात होते आणि ज्यांना तेव्हा परवडली नाही त्यांनी. १९६७ ला नवी जीटीओ हार्डटॉप २,९३५ डॉलरपासून मिळायची, आजच्या पैशात साधारण २८ हजार, म्हणजे कारखान्यातला तरुण कामगार हप्त्यांवर घेऊ शकत होता. तुमचे आजोबा त्यातलेच. ती पिढी आता गाड्या विकतेय किंवा त्यांची मुलं विकतायत. चाळीशी-पन्नाशीतल्या माणसाला हवीय ८७ ची ब्यूक ग्रँड नॅशनल, फॉक्स बॉडी मस्टँग, नाहीतर टोयोटा सुप्रा. लहानपणी ज्या गाडीचं पोस्टर भिंतीवर असतं ना तीच गाडी माणूस पन्नाशीत घेतो, हे मी लिलावात वर्षानुवर्षं बघतोय.

म्हणून जीटीओचा भाव शून्य होईल असं अजिबात नाही. पहिली जीटीओ १९६४ ला आली तीच मुळी कंपनीच्या नियमातून वाट काढून. जनरल मोटर्सने मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचापेक्षा मोठं इंजिन घालू नका असं ठरवलेलं, पॉन्टिॲकच्या लोकांनी, त्यात जॉन डिलोरियन होते, ३८९ चं इंजिन टेम्पेस्ट लेमान्स ह्या मॉडेलवर ऑप्शन पॅकेज म्हणून दिलं आणि पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर खपल्या. मसल कार हा प्रकार लोक तिथूनच मोजतात. इतिहासात ज्या गाडीला अशी जागा आहे तिला गिऱ्हाईक राहतंच. फक्त महागाईच्या वर काही मिळेल अशी आशा ठेवू नका, महागाईएवढं मिळालं तरी मी खूश होईन.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्यात जास्त दर आता मिळतोय तो न रिस्टोर केलेल्या गाड्यांना. स्टीव्ह मॅक्क्वीनने पिक्चरमध्ये पळवलेली ती हिरवी १९६८ ची मस्टँग आठवते? एका कुटुंबाने १९७४ ला ६,००० ला घेतली, वर्षानुवर्षं नुसती जपली, रंग उडालेला, ओरखडे तसेच, आणि २०२० ला किसिमीच्या लिलावात फी धरून ३७ लाखांच्या वर गेली. ती सिनेमाची गाडी होती म्हणून एवढे, मान्य. पण गाड्यांच्या प्रदर्शनातले परीक्षक आता साध्या गाड्यांमध्येही मूळ रंग, मूळ सीट, मूळ बोल्टवरचे खडूचे मार्क शोधत फिरतात.

सॅन होजेकर

सगळे भावावरच बोलतायत, चालवण्याबद्दल पण बोला की!

माझ्याकडे ६६ ची मस्टँग कूपे आहे, मूळची सहा सिलिंडरची, अशा लाखांनी बनल्या. मी तिच्यात आधुनिक व्ही८, फ्युएल इंजेक्शन, पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक, एसी सगळं घातलं. मुलं मागे बसतात, बायको चालवते, मॉन्टरेपर्यंत जाऊन येतो. कॅलिफोर्नियात १९७५ आणि आधीच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट नाही त्यामुळे तोही ताप नाही. जीटीओला ६७ पर्यंत साडेनऊ इंचाचे ड्रम ब्रेक असायचे, एवढ्या वजनाच्या आणि ताकदीच्या गाडीला ते तेव्हाही कमीच पडायचे. ६७ ला पुढचे डिस्क ऑप्शनमध्ये आले, तुमच्याकडे आहेत का बघा. नसतील तर तुम्ही ब्रेकवालेच आहात, तो एक बदल मुलांना बसवायच्या आधी कराच.

वाळवंटातून

सॅन होजेकर, तुमच्या मस्टँगला ते चालतं कारण ती साधी कूपे होती. खऱ्या जीटीओचं इंजिन काढून दुसरं घातलं तर घेणारे निम्मे तिथेच कमी होतात. शिवाय आज घातलेलं इंजेक्शन आणि स्क्रीन पंधरा वर्षांनी जुनाट दिसणार, मग पुढचा माणूस ते काढून स्वतःचं घालणार. ब्रेकबद्दल मात्र शंभर टक्के सहमत, बोल्टने बसणारं किट घ्या, काहीही कापू नका, जुने ड्रम तेल लावून डब्यात ठेवा.

ओहायोवाला

ह्यावरून आठवलं, खरी जीटीओ आहे हे आधी सिद्ध करा! माझ्या शेव्हेलचं हेच दुखणं आहे. १९७० ला एसएस हे नुसतं ऑप्शन होतं, गाडीच्या नंबरावरून कळत नाही, मूळ बिल्ड शीट असेल तरच पुरावा. ती शीट बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर सापडते. मी टाकी उतरवली तर उंदरांनी खाल्लेला कागदाचा चुरा होता. त्या चुऱ्याने माझे निदान आठ-दहा हजार खाल्ले असं मी समजतो.

पॉन्टिॲकवाले नशीबवान. १९६६ पासून जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो, आधीच्या ६४-६५ ला तसं नाही. आणि पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे, लोक नुसतं पीएचएस म्हणतात, मूळ बिलिंगच्या नोंदी आहेत, नंबर पाठवून पैसे भरले की तुमच्या गाडीवर कारखान्यातून काय काय घालून दिलं होतं ते सगळं येतं. पहिल्यांदा ते मागवा, मग मोदक घेऊन परत जा.

नोव्हीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितोय, कारण तुम्ही सांगितलेलं एकेक करत बसलो होतो.

नंबर २४२१७ ने सुरू होतो, म्हणजे जीटीओ आणि हार्डटॉप, पुढे ७ आणि पी, म्हणजे १९६७ आणि पॉन्टिॲकचाच कारखाना. पीएचएसचे कागद आले. मूळ रंग टायरॉल ब्लू! दाराच्या आत आणि डॅशखाली निळा रंग दिसला तेव्हा रंगवाली ताईंची आठवण आली. आजोबांना दाखवला तर म्हणाले हो, ८५ ला मुलाच्या हट्टाने लाल केली, विसरलोच होतो. मग बराच वेळ दाराची कड हाताने पुसत बसले.

इंजिनावर वायएस कोड आहे, म्हणजे ३३५ हॉर्सपॉवरचं, ऑटोमॅटिकवालं, कागदांशी जुळतंय. सिलिंडर हेडवर (इंजिनाचा वरचा भाग) ६७० नंबर, तोही बरोबर. पण एक शिकलो ते सांगतो, १९६७ च्या पॉन्टिॲक इंजिनावर गाडीच्या नंबराचा भाग ठोकलेला नसतो, तो १९६८ पासून येतो. त्यामुळे "ह्याच गाडीचं इंजिन" असं गाडीच्या नंबरावरून म्हणता येत नाही, मी कोड आणि ओतकामाची तारीख जुळते का ते बघितलं. तारीख गाडीच्या थोडी आधीची आहे, म्हणजे पटण्यासारखी.

आता वाईट बातमी. लोहचुंबक दोन्ही मागच्या कमानींवर पकडत नाही, डावीकडे तर पार दारापर्यंत पुट्टी आहे. डिकीच्या फरशीला स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. मागच्या काचेखाली छताचं कापड कडेने उचललं तर खाली तपकिरी भुगा. फ्रेम मात्र ठणठणीत, दोन ठिकाणी ठोकून बघितली, आवाज खणखणीत.

हे सगळं आजोबांना जसंच्या तसं सांगितलं, फोटो दाखवले. भाव पाडायला म्हणून नाही, त्यांनाही कळायला हवं होतं. ते म्हणाले १५ दे, पण एक कबूल कर की कापून रेसची गाडी करणार नाहीस. मी कबूल केलंय. बायकोने पण होकार दिला पण हिशोब ठरवून. वर्षाला साडेतीन हजारांच्या वर नाही, कॉलेजच्या खात्याला हात नाही, आणि विकून नफा होईल असं गृहीत धरायचं नाही. आमच्या घरात ही आता गुंतवणूक नाहीये, एक खर्च आहे जो ठरवून करायचा.

प्रश्न एवढाच उरलाय की सुरुवात कुठून करू, इंजिन, रंग की ब्रेक?

रंगवाली

अभिनंदन! रंगाला अजिबात हात लावू नका. आधी पाणी थांबवा. व्हिनाइलचं छत पूर्ण सोलून काढा, मागच्या काचेचं सील बदला, उघडा पत्रा घासून त्यावर इपॉक्सी प्रायमर मारा आणि तसंच राहू दे, दिसायला विचित्र दिसेल पण गंज तिथेच थांबेल. डिकीची फरशी तयार मिळते, ते वेल्डिंग तुम्ही शिकू शकता, कोणाला दिसत नाही अशी जागा आहे, हात बसवायला उत्तम. कमानींचं काम चांगल्या माणसाकडे, पैसे साठले की. आणि जिथे मूळ निळा आहे तिथे पॉलिश सुद्धा करू नका, नुसतं मऊ फडकं.

ओहायोवाला

आधी ब्रेक, मग पेट्रोलची बाजू, मग इंजिन. गाडी चालण्याआधी थांबली पाहिजे. बारा वर्षांचं पेट्रोल टाकीत व्हार्निश झालेलं असणार, त्यावर इंजिन सुरू करायचा मोह झाला तरी करू नका. टाकी उतरवा, रबरी नळ्या सगळ्या बदला, हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, जुन्या रबराची त्याने चिकट पेस्ट होते. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग पान्याने हाताने इंजिन फिरवून बघा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात.

तेल टाकताना जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, जुन्या गाड्यांचं म्हणून मिळतं तेच. ह्या इंजिनांचा कॅम आणि टॅपेट (झडपा उघडणारे भाग) एकमेकांवर घासून चालतात, नव्या गाड्यांच्या तेलात जस्त कमी असतं आणि कॅम झिजून जातो. माझ्या मित्राचा नवा कॅम अर्ध्या तासात गेला होता.

आणि ते ६७० चे हेड. कॉम्प्रेशन १०.७५ ला १ आहे, ते त्या काळच्या पेट्रोलसाठी होतं, आज पंपावरचं ९३ ऑक्टेनचं पेट्रोल त्याला पुरत नाही, चढावर खडखड ऐकू आली तर लगेच ॲक्सिलरेटर सोडा आणि टायमिंग थोडं मागे घ्या. पुढे कधी इंजिन उघडलंच तर वाटीसारखे खोलगट पिस्टन घालून कॉम्प्रेशन उतरवता येतं, हेड मूळचेच राहतात.

वाळवंटातून

१५ ला खरी २४२, कागद आणि जुळणाऱ्या कोडसकट, फ्रेम शाबूत. हा व्यवहार चांगला झाला, आता ह्यात बुडण्याची भीती फार नाही. विमा ठरीव किमतीचा घ्या, जुन्या गाड्यांसाठीचा, नेहमीच्या पॉलिसीत टाकाल तर अपघातानंतर भंगाराचा भाव हातात ठेवतील. आणि आजोबांकडून जुनी बिलं, फोटो, सर्व्हिसच्या पावत्या, जे असेल ते घ्या. त्यांना गाडीशेजारी उभं करून त्यांच्या तोंडून सगळी गोष्ट रेकॉर्ड करा. पुढे कधी विकायची वेळ आली तर ती फाइल नव्या रंगापेक्षा जास्त कामाला येते.

नोव्हीकर

रेकॉर्डिंग कालच केलं, तासभर बोलले. लाइनवर ते मागच्या काचा बसवायचे म्हणे, म्हणजे काय सांगू.

मिशिगनची हिस्टॉरिक नंबर प्लेट घेणार आहे, एरवी फक्त कार्यक्रमांना आणि परेडला न्यायची पण ऑगस्टभर रोज चालवायला परवानगी असते. वुडवर्ड रस्त्यावरचं जुन्या गाड्यांचं वुडवर्ड ड्रीम क्रूझ ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असतं, त्या दिवशी आजोबांना पुढच्या सीटवर बसवून वुडवर्डवरून न्यायचं एवढंच सध्या डोक्यात आहे, मग गाडी अर्धी लाल अर्धी प्रायमरची असली तरी चालेल.

येत्या शनिवारी टाकी उतरवतोय. नोव्ही, कँटन, ट्रॉय कुठेही कोणाकडे चांगला जॅक आणि चार स्टँड असतील तर एका दिवसासाठी मिळतील का?

रंगवाली

स्टँड आहेत, जॅक पण आहे. नऊला पोचते. वेल्डिंगचा मास्क पण आणते, मुलीला बघायचं असेल तर तिच्यासाठी एक जास्तीचा.